पाचवी घडी

पहिली घडी दाराची गं, दुसरी घडी दिव्याची,
तिसरी घडी लेकीची गं, चौथी घडी थव्याची,
पाचवी घडी कुणाची गं, मनातल्या नावाची…

आईचा हा आवाज मी टेबलाखाली बसून ऐकलेला आहे. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यातलं ते टेबल चौदा फूट लांब होतं आणि त्याच्या खाली मी ताठ उभी राहू शकत होते, एवढीच माझी उंची. वर छापील कागदांच्या घड्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असायचे. सोळा पानांची एक घडी. अशा घड्या क्रमाने एकावर एक आल्या की त्यांचं पुस्तक होतं. सात-आठ बायका टेबलाभोवती फिरायच्या, प्रत्येक गठ्ठ्यातली एकेक घडी उचलत. मला दिसायचे ते नुसते पाय. आईचे पाय सगळ्यांच्या पुढे, आणि गाणंही तिचंच. कुठून आलं विचारलं तर म्हणायची, "चालता चालता आलं. पायांतून."

ते गाणं कामाचं होतं. क्रम चुकला तर पुस्तकातली माणसं लग्नाआधीच नातवंडं खेळवायला लागतात. म्हणून मोजत चालायचं आणि पाचवीपाशी सगळ्यांनी थांबायचं. हातातली चवड टेबलावर उभी आपटून कडा जुळवायच्या. ठक, ठक. त्या दोन ठोक्यांत प्रत्येकीने आपल्या मनातलं नाव मनातच घ्यायचं. ओठ हलले तरी बाकीच्या हसायच्या. मग पुन्हा पहिली घडी, पुन्हा दार.

बाबा कोपऱ्यात शिलाईला बसलेले असायचे, दाभण दातांत धरून. आईच्या पाचव्या घडीत कुणाचं नाव असतं, हे त्यांनी तिला लग्नाआधी एकदा विचारलं होतं आणि लग्नानंतर, आईच्या म्हणण्याप्रमाणे, निदान हजारदा. तिने सांगितलं नाही. "तुमचं असतं तर विचारायला लागलं असतं का?" एवढंच म्हणायची, आणि बाबा दोन दिवस खूश की नाराज, हे त्यांचं त्यांनाच कळत नसे.

आता कारखाना म्हणजे ते टेबल, एक दाबयंत्र आणि बाबा. बायका आपापल्या नातवंडांत रमल्या. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, तरी जुनी पुस्तकं नीट करून घ्यायला लोक येतात. कुणाचं आजोबांनी दिलेलं शब्दकोशाचं पुस्तक, कुणाची वही. खळीचा वास तसाच आहे. सकाळी आई दार उघडते, आणि खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर पडतो तो थेट त्या जागी, जिथे लाकडावर चवडी आपटून आपटून खळगा पडलाय.

दर गुरुवारी दुपारी टाचणीकाका यायचे. आजूबाजूच्या छोट्या दुकानांची कराची कागदपत्रं बघणं हे त्यांचं काम. कोटाच्या गळपट्टीला टाचण्यांची रांग, म्हणून टाचणीकाका. आलेला प्रत्येक कागद ते टाचणीने मागच्या कागदाला जोडत. बाबा म्हणायचे, "तू टोचतोस, मी शिवतो. शंभर वर्षांनी बघू कुणाचं टिकलं." काका म्हणायचे, "शंभर वर्षांनी बघायला तुझी वही नाही येणार, माझी टाचणी येईल. लोखंड आहे." मग बुद्धिबळाचा डाव. चाळीस वर्षांत कोण किती जिंकलं याचे दोघांचे आकडे कधीच जुळले नाहीत.

कर संगणकावर भरायला लागून काही वर्षं झाली. तेव्हा काकांनीच बाबांचं खातं उघडून दिलं. पासवर्ड द्यायची वेळ आली तर म्हणाले, "असा दे, जो फक्त तुला आठवेल." बाबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, दार, दिवा, लेक, थवा, आणि पुढे एक दोन तीन चार.

"अरे, हे तर अख्ख्या गल्लीला पाठ आहे," काका म्हणाले.

"म्हणून तर मी विसरणार नाही."

हा असला पासवर्ड फक्त आमच्याच घरात निघू शकतो. आठ बायकांनी तीस वर्षं उघड्या खिडकीशी गायलेलं गाणं, आणि त्यालाच कुलूप समजून आम्ही निवांत.

यंदा काकांनी रिटर्न भरायला घेतला तर खातं उघडेना. दोन दिवसांनी पत्र आलं: आपला रिटर्न मिळाला आहे, परतावा आपल्या नव्या बँक खात्यात पाठवण्यात येत आहे. बाबांचं नवं बँक खातं नव्हतं. त्यांना जुनंच एक पुरून उरतं. कुणीतरी बाबा होऊन आत शिरलं होतं, फोन नंबर बदलला होता, पत्ताही बदलायला टाकला होता, खोटे आकडे भरून परतावा मागितला होता.

मी रक्त तपासणीच्या केंद्रात काम करते. सुई हातात घेण्याआधी प्रत्येकाला विचारायचं: पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा. शेजारीण आली तरी विचारायचं. ती म्हणते, अगं तू माझ्या मांडीवर खेळलीस. तरीही विचारायचं, कारण एका नळीवर दुसऱ्याचं नाव लागलं तर त्याचं दुखणं याच्या अंगाला चिकटतं. त्यामुळे हे पत्र वाचलं आणि मला रागच आला. चोर कोण हे माहीत नसलं की राग कुणावरही बसतो.

आम्ही दोघं कर कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावूनच त्यांनी सगळं ऐकलं, पण कामाला चोख. बाबांचं मूळ ओळखपत्र बघितलं, चेहरा बघितला, सही दोनदा घेतली.

"खातं आता गोठवते. परतावा निघालेला नाही अजून, थांबवता येईल. तो खोटा रिटर्न रद्द व्हायला तीनेक आठवडे धरा. मग यांच्या फोनवर निरोप येईल. तेव्हा नवा पासवर्ड, कुठेच न वापरलेला. आणि दुसरी पायरी सुरू करा, म्हणजे आत जाताना दर वेळी फोनवर आकडे येतील. ते आकडे कुणालाही सांगायचे नाहीत." त्या शिंकल्या. "आमचं कार्यालय कधीही फोन करून पासवर्ड विचारत नाही, बरं का आजोबा. असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा."

बाबा हातातल्या टोकनच्या चिठ्ठीची घडी घालत होते. अर्धी, पाव, मग आणखी.

"जुना पासवर्ड आणखी कुणाला माहीत होता?" बाईंनी विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते घडी घालत राहिले.

"कराचं काम बघणारे एक काका आहेत," मी म्हणाले.

"मग त्यांना विचारून घ्या. हे बहुतेक वेळा ओळखीतून निघतं."

बाहेर पायऱ्यांवर बाबा म्हणाले, "तो तसा नाही."

"मग कोण, बाबा?"

त्यांनी चिठ्ठी खिशात टाकली. सोळा पानांची झाली होती ती.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. त्यांची खोली म्हणजे तीन भिंती फायली आणि एका भिंतीला खिडकी. त्यांनी खुर्चीवरचे कागद उचलून मला बसायला जागा केली. मी बसले नाही. केंद्रात विचारते तशा आवाजात विचारलं, "काका, बाबांचा पासवर्ड तुम्ही कुणाला दिला होता का?"

"नाही."

आम्हाला सवय असते दोनदा विचारायची. मी पुन्हा विचारलं, "कुठे लिहून ठेवला होता का? कुणी बघितला असेल?"

काकांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग उठून बाबांची फाइल काढली, पहिल्या कागदापासून सुरुवात केली आणि एकेक टाचणी उपसून गळपट्टीत खोचायला लागले. किती वर्षांचे कागद. मी उभी होते. शेवटचा कागद सुटा झाल्यावर त्यांनी सगळे एका खोक्यात घालून माझ्या हातात दिले.

"कागद तुमचे," ते म्हणाले. "टाचण्या माझ्या आहेत."

तो गुरुवार रिकामा गेला. बाबांनी पट मांडला, सोंगट्या लावल्या, आणि संध्याकाळी तशाच उचलून ठेवल्या. पुढच्या गुरुवारी मांडलाच नाही. एका वहीचा कणा त्यांनी तीनदा चिकटवला आणि तीनदा उखडला. फोन वाजला की, "तू घे," म्हणायचे. मी नसले तर आईला म्हणायचे, तिलाही जमलं नाही तर वाजू द्यायचे.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. काकांनी मुद्दाम नसेल केलं. वय झालं की होतं."

"वय," बाबा म्हणाले, आणि खळीत ब्रश बुडवून बराच वेळ तसाच धरून बसले.

आई या सगळ्यात काही बोलली नाही. आई बोलली नाही म्हणजे तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. ती फक्त जरा जास्त भांडी आपटायची.

निरोप आला तो नेमका गुरुवारी सकाळी. खोटा रिटर्न रद्द, परतावा थांबवलेला, खातं पुन्हा बाबांचं. मला सुट्टी होती. मी संगणक मोठ्या टेबलावर आणून ठेवला, उन्हाच्या पट्ट्यात. बाबांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, जसे ते चामड्याच्या बांधणीला हात घालण्याआधी धुतात.

"घाला नवा पासवर्ड. निदान बारा अक्षरं."

बाबांनी एक बोट उचललं. मी पडद्याकडे पाहिलं. द, आ, र.

"बाबा."

"काय?"

"पुन्हा दार?"

"मग काय घालू? मला दुसरं काही पाठ नाही. कुत्र्याचं नाव घालतात म्हणे लोक. आपल्याकडे कुत्रा नाही."

"असता तरी घालायचं नव्हतं. गल्लीला माहीत असतं."

आई दारात उभी होती, ओल्या हातांनी. म्हणाली, "अहो, चारच घड्यांचं पुस्तक झालं का तुमचं?"

बाबांनी मान वर केली.

"पाचवीला का थांबायचो आम्ही?" आई म्हणाली. "त्या चार गल्लीच्या. पाचवी ज्याची त्याची. इतकी वर्षं ऐकलंत, आणि कुलूप लावायची वेळ आली तर खिडकीतलं लावलंत."

मला हसू आलं, आणि जरा लाजही वाटली. एवढी नळ्यांवर नावं चिकटवणारी मी, माझ्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड माझ्या जन्मगावाचं नाव होता. त्याच दिवशी संध्याकाळी बदलला.

"तुम्हालाही होती पाचवी?" मी बाबांना विचारलं. "तुम्ही तर चालत नव्हता. शिवत होता."

"शिवणाऱ्याला मन नसतं का?" बाबा म्हणाले. मग खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली. "तिकडे बघा दोघी."

आम्ही भिंतीकडे तोंड केलं. मागे बाबांचं एक बोट कळफलकावर चालत होतं, सावकाश, अक्षर शोधत. बराच वेळ चाललं. लांब नाव होतं, किंवा एकाहून जास्त नावं होती. मग आवाज थांबला, आणि बाबांनी मुठीने टेबलावर, त्या खळग्याच्या जागी, दोनदा आपटलं. ठक, ठक.

"झालं," ते म्हणाले. आई भिंतीकडेच बघत होती. तिचा कान लाल झाला होता.

"काय घातलंत?" तिने विचारलं.

"तुझं असतं तर विचारायला लागलं असतं का?"

आईने पदराने तोंड झाकलं. पन्नास वर्षांची उधारी एका वाक्यात फेडली गेली होती.

मग फोनवर सहा आकडे आले. बाबांनी फोन लांब धरून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, "नऊ, शून्य, चार…"

"मोठ्याने नाही, बाबा."

"घरात चोर कोण आहे?"

"सवय. खिडकी उघडी आहे."

त्यांनी उरलेले आकडे ओठ मिटून टाकले. खातं उघडलं. नाव त्यांचं, पत्ता आमचा, फोन त्यांच्या हातातला. कुणी आत आलं की आता निरोप येणार होता. बाबा पडद्याकडे पाहत राहिले, परत मिळालेल्या पुस्तकाची पानं मोजतात तसे. चेहरा मात्र सुटला नव्हता.

"आता तरी चहा घ्या," मी म्हणाले. "संपलं सगळं."

"पट मांडा आधी," आई म्हणाली.

"कशाला?"

"गुरुवार आहे. मी बोलावलंय त्यांना."

बाबा एकदम उभे राहिले, मग बसले. मला वाटलं, ते चिडतील. ते फक्त टेबलावरच्या खळीच्या वाळक्या डागाला नखाने खरवडू लागले.

टाचणीकाका तीनच्या ठोक्याला आले. कोट तोच, गळपट्टीवर टाचण्या नेहमीपेक्षा दाट. आमच्या होत्या त्यात. ते उंबऱ्यापाशीच थांबले.

"वहिनींनी बोलावलं म्हणून आलो," ते म्हणाले. "बसणार नाही."

"बसायला कुणी सांगितलंय?" आई म्हणाली. "उभ्यानेच चहा घ्या. साखर घालू की तीही पारखून घेणार?"

"घाला."

मी पुढे झाले. मला माफी मागायची होती, पण अजून चोर कोण ते माहीत नव्हतं, आणि दोनदा विचारणाऱ्या माणसाला न विचारता माफी मागणं जमत नाही. मी म्हणाले, "काका, मी त्या दिवशी ज्या आवाजात विचारलं…"

"आवाज चांगला होता," काका म्हणाले. "स्पष्ट."

आईने कप त्यांच्या हातात दिला. एक बाबांसमोर ठेवला, बशीत सांडेल इतक्या जोरात. आणि कुणाकडेच न बघता, खिडकीला सांगावं तसं म्हणाली, "काही माणसं पोटात ठेवायचं ते फोनवर सांगतात, आणि सांगायचं ते पोटात ठेवतात."

बाबांनी आईकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघर काय दुसऱ्या देशात आहे? मला वाटलं, जुन्या बायकांपैकी कुणाचा फोन आहे. म्हटलं, आज इतक्या वर्षांनी गातायत, गाऊ देत."

मला अजून नीट कळलं नव्हतं. काकांना कळलं असावं. त्यांनी कप टेबलाच्या कडेवर ठेवला आणि, बसणार नाही म्हणाले होते तरी, आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसले. एक प्यादं उचललं, त्याची जागा जरा सरळ केली. वाट बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी बाबांच्या चालीची वाट पाहिली होती. त्यांना घाई नव्हती.

बाबांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. बोटांच्या पेरांत खळ वाळून पांढरी झाली होती.

"एका माणसाचा फोन आला होता," ते म्हणाले. "कर कार्यालयातून बोलतोय म्हणाला. गोड बोलत होता. तुमचा परतावा अडकलाय, पासवर्ड सांगा, सोडवतो. मी म्हटलं, सांगतो, पण तो गाण्यातला आहे. तो म्हणाला, आजोबा, मग गाणंच ऐकवा की. किती वर्षांत मला कुणी ते म्हणायला सांगितलं नव्हतं. मी गायलो. चारही घड्या, आणि पुढचे आकडेही. तो म्हणाला, वा, आवाज छान आहे तुमचा."

आईने डोळे पुसले की घाम, ते मला दिसलं नाही.

"मूर्खपणा होता तो. मूर्खपणाचं मला इतकं नाही वाटत." त्यांनी पहिल्यांदाच काकांच्या डोळ्यांत पाहिलं. "कर कार्यालयातल्या खिडकीपाशी पोरीने तुझं नाव घेतलं, आणि मला माहीत होतं. ती तुझ्या घरी निघाली, तेव्हा मी तिला चप्पल घालताना बघत होतो. मी गप्प बसलो. तुझ्या टाचण्या मी काढायला लावल्या, गड्या. तू नाही दिलास कुणाला. मीच दिला."